सात दिवसांचा ताप आणि मानेतली गाठ

मुलगा, वय ३ वर्षं ७ महिने, वजन १३ किलो. राहणार मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आधी मोठा आजार नाही, लसी वेळेवर, घरात क्षयाचा रुग्ण नाही. तक्रार : सात दिवस ताप, मानेला उजवीकडे दुखरी गाठ, खाणंपिणं जवळजवळ बंद. जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे पाठवताना चिठ्ठीवर निदान लिहिलं होतं, ‘मानेतल्या लसिका ग्रंथींचा जंतुसंसर्ग, अँटिबायोटिकला प्रतिसाद नाही.’

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ही एका विशिष्ट मुलाची हकीकत नाही. या आजाराची मुलं ज्या टप्प्यांतून नेहमी जातात, जिथे चकवा बसतो आणि जिथे वाट सापडते, ते सगळं एका मुलाच्या आजारात जुळवून हे प्रकरण मांडलं आहे. रिपोर्टांतले आकडे अशा मुलांत सर्रास दिसणारे आहेत. औषधांच्या मात्रा आणि निकष मात्र आज वापरले जाणारे, खरेखुरे आहेत.

पहिले सहा दिवस

भाद्रपदातला सोमवार. संध्याकाळपर्यंत अंगणात खेळणारं पोर रात्री तापलं, १०२ अंश फॅरनहाइट. सर्दी नाही, खोकला नाही. गावात डेंग्यूचे रुग्ण होते, म्हणून आई मंगळवारी सकाळीच जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पॅरासिटामॉलचं सिरप मिळालं. ते दिलं की ताप दोन-तीन तास अंशभर खाली यायचा आणि पुन्हा चढायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मान एका बाजूला कलती धरून मूल रडू लागलं. आईनं हात लावला तर उजव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे गाठ. आजीला वाटलं गालगुंड. डॉक्टरांनी घसा पाहिला, तो लाल होता. टॉन्सिलच्या संसर्गानं गाठ आली असं समजून अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं औषध सुरू झालं. या निर्णयात काही वावगं नव्हतं. लहान मुलाला ताप, घसा लाल, मानेत एका बाजूला दुखरी गाठ, तर पहिला विचार जंतुसंसर्गाचाच येतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो.

तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले. दोन्ही डोळे, पण चिकटलेले नाहीत, पू नाही, सकाळी पापण्या ओल्या कापसानं सोडवाव्या लागल्या नाहीत. ‘डोळे आलेत, साथ आहे,’ असं म्हणून मेडिकलमधून थेंब आणले गेले. ताप १०४.

चौथ्या दिवशी अंघोळ घालताना छाती, पोट आणि जांघांवर लाल पुरळ दिसलं. फोड नव्हते, पाणी भरलेलं नव्हतं. औषध बाधलं असं ठरून अँटिबायोटिक बदललं गेलं, खाजेचं औषध दिलं. पाचव्या दिवशी पुरळ फिकं झालं, त्यामुळे तो तर्क खराच वाटला. ताप होता तसाच राहिला.

पाचव्या दिवशी तालुक्यातल्या खासगी रुग्णालयात दाखल करून शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन सुरू केलं. रक्तात पांढऱ्या पेशी १८,४००, हिमोग्लोबिन ९.८, प्लेटलेट ४ लाख १० हजार, अंगातला दाह दाखवणारं सीआरपी लिटरमागे ११० मिलिग्रॅम. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. लघवीत १५ ते २० पू-पेशी. त्यामुळे लघवीच्या संसर्गाचीही शंका आली. पुढे कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही.

इथे एका आकड्यापाशी थांबायला हवं. पावसाळ्यात आपल्याकडे तापाच्या मुलाचा रिपोर्ट हातात आला की घरचे आधी प्लेटलेट बघतात. कमी नाहीत म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. या मुलाच्या प्लेटलेट कमी नव्हत्याच, उलट पुढच्या आठवडाभरात त्या दुपटीकडे जाणार होत्या. कमी प्लेटलेटची भीती सगळ्यांना ठाऊक आहे. ताप चालू असताना प्लेटलेट चढत जाणं हीदेखील खूण असते, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

सहाव्या दिवशी ओठ लालबुंद होऊन फुटले, कोपऱ्यातून रक्त येऊ लागलं. जेवत नाही, पाणी कमी पितो, म्हणून ओठ सुकले असं सगळ्यांना वाटलं. त्याच संध्याकाळी आई परिचारिकेला म्हणाली, ‘सिस्टर, ह्याची चप्पल पायात बसत नाहीये.’ पावलं सुजली होती, तळवे लाल होते, उभं केलं तर मूल किंचाळत होतं. ती सूज सलाइनच्या खाती टाकली गेली.

आता मागे वळून या सहा दिवसांचे अर्थ एका ओळीत ठेवून पाहा. गाठ टॉन्सिलची, डोळे साथीचे, पुरळ औषधाचं, पू-पेशी लघवीच्या संसर्गाच्या, ओठ उपासाचे, पावलं सलाइनची. सुटं सुटं पाहिलं तर यातला एकही तर्क वेडगळ नाही. पण एकाच मुलात, एकाच आठवड्यात, एका न उतरणाऱ्या तापाच्या पोटी सहा वेगवेगळी कारणं जमा होतात, तेव्हा सहाही कारणांवर शंका घ्यायला हवी.

गाठ फोडायची का?

तालुक्याच्या रुग्णालयात मानेची सोनोग्राफी झाली. उजवीकडे एकमेकींना लगटून बऱ्याच ग्रंथी वाढलेल्या, सर्वांत मोठी २.८ सेंटिमीटर, कुठेही पू जमलेला नाही. शल्यचिकित्सकांनी गाठ दाबून पाहिली आणि चिरा द्यायला नकार दिला. तो नकार मला या सगळ्या प्रकरणातला अत्यंत मोलाचा निर्णय वाटतो. गाठ आहे, ताप आहे, अँटिबायोटिक लागू पडत नाही, म्हणजे आत पू असणार, असा निष्कर्ष काढून भूल देऊन गाठ उघडल्याची आणि आत काहीच न मिळाल्याची उदाहरणं या आजाराच्या बाबतीत जगभर नोंदली गेली आहेत. घशाच्या मागच्या भागात सूज येऊन तिथे गळू असल्याचा भासही याच आजारात होतो.

मुलांच्या मानेत गाठी असणं ही तशी रोजची गोष्ट. दोन ते दहा वर्षांच्या धडधाकट मुलाच्या मानेवरून बोटं फिरवली तर एक सेंटिमीटरच्या आतल्या, मऊ, सरकणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठी हमखास लागतात. डोक्यातल्या उवा, खरूज, किडका दात, नुकतीच झालेली सर्दी, कशानंही त्या वाढतात आणि काही आठवडे तशाच राहतात. त्यांच्यामागे लागू नये. वेगळा विचार करायचा तो मोठ्या, झपाट्यानं वाढणाऱ्या, दगडासारख्या कडक किंवा खालच्या भागाला चिकटलेल्या गाठींचा. गळपट्टीच्या हाडावरच्या खोलगट जागेत गाठ लागली, तर ती कितीही लहान असो, तपासायलाच हवी.

जंतुसंसर्गाची गाठ, म्हणजे बहुधा स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकसची, दोन-तीन दिवसांत वाढते, वरची कातडी लाल आणि गरम होते. सोनोग्राफीत सहसा एकच मोठी ग्रंथी दिसते, मधोमध पातळ भाग. योग्य अँटिबायोटिक मिळालं की दोन-तीन दिवसांत ताप उतरणीला लागतो. या मुलाच्या गाठीवरची कातडी साधी होती, ग्रंथी अनेक होत्या, पू नव्हता, आणि औषधाचा तापावर काडीचाही परिणाम नव्हता.

आजीच्या मनात टीबी होता. आपल्या देशात ती भीती रास्त आहे. पण क्षयाच्या गाठी आठवडे-महिने घेत वाढतात, फारशा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटून गठ्ठा होतो, पुढे मऊ पडून फुटतात. ताप बारीक असतो, वजन घटतं. काल खेळणारं मूल आज १०४ तापानं आणि आखडलेल्या मानेनं पडलंय, हे क्षयाचं रूप नव्हे. शंका उरलीच तर सुईनं गाठीतला द्राव काढून सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी, करता येते.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत स्क्रब टायफस हा बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा तापही आठवायला हवा. ताप, वाढलेल्या गाठी, कधी पुरळ, आणि अंगावर कुठेतरी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग. तो काखेत, जांघेत, कानामागे, लंगोटाच्या पट्टीखाली लपलेला असतो. मुलाला पूर्ण उघडं करून पाहिल्याशिवाय सापडत नाही. या मुलाच्या अंगावर तो नव्हता. गोवराचाही विचार झाला. पण गोवरात नाक वाहतं, खोकला असतो, डोळ्यांतून पाणी येतं, पुरळ कानामागून सुरू होऊन खाली उतरतं. इथे क्रम जुळत नव्हता आणि गोवराच्या दोन्ही लसी झालेल्या होत्या.

राहता राहिला रक्ताचा कर्करोग. फिकटपणा, कारण नसताना उमटणारे निळे डाग, हाडं दुखणं, यकृत-प्लीहा वाढलेली, मान-काख-जांघ सगळीकडे गाठी, असं असेल तर त्या दिशेनं लगेच पाहावं लागतं. याला जोडूनच एक कळकळीची गोष्ट. ताप उतरत नाही म्हणून निदानाआधीच डेक्सामेथासोनची सुई देण्याची सवय अजून कितीतरी ठिकाणी आहे. ताप दोन दिवस उतरतो, मूल हसू लागतं, घरचे डॉक्टरांना दुवा देतात. पण स्टेरॉइडनं ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या विरतात आणि निदान आठवडे लांबतं. या मुलाला जो आजार होता त्याच्या खुणाही अशा सुईनं झाकल्या गेल्या असत्या. या मुलाला ती सुई मिळाली नव्हती, हे त्याचं नशीब.

सातवा दिवस : आईला विचारलेले प्रश्न

जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांनी मुलाला पाहिलं तेव्हा समोर होतं ते एवढंच : ताप, मानेतली गाठ, फुटलेले लाल ओठ, लालसर जीभ आणि तिच्यावर उठून दिसणारे दाणे, सुजलेली पावलं. डोळे स्वच्छ होते. अंगावर पुरळ नव्हतं. आणि मूल विलक्षण चिडचिडं होतं. आईच्या कडेवरही शांत नाही, कुणी जवळ आलं तरी आक्रोश. तापानं थकलेलं मूल निपचित पडतं, हे तसं नव्हतं. अनुभवी बालरोगतज्ज्ञ या चिडचिडीला फार महत्त्व देतात. निकषांच्या यादीत ती नाही, तरीही.

‘ताई, सोमवारपासून सांगा. रोजचं वेगळं सांगा. मंगळवारी काय नवीन दिसलं? बुधवारी?’

आईनं आधी ताप आणि गाठ एवढंच सांगितलं, कारण आजवर सगळ्यांनी तेवढंच विचारलं होतं. मग डोळ्यांबद्दल मुद्दाम विचारलं गेलं. ‘हो, आले होते डोळे, पण ते बरे झाले.’ पू होता का? नाही. पुरळ? ‘ते गोळीचं होतं, गेलं.’ तिच्या फोनमध्ये फोटो होते. नवरा पुण्याला कामाला, त्याला रोज पाठवलेले. बुधवारच्या फोटोत दोन्ही डोळे लाल, बुबुळाभोवतीचा थोडा भाग मात्र पांढरा राहिलेला. गुरुवारच्या फोटोत छातीवरचं पुरळ.

निदान त्या फोनमध्ये होतं. कावासाकी आजार, लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना दाह होण्याचा आजार.

या आजाराची कोणतीही एक चाचणी नाही. निदान होतं ते खुणा मोजून : पाच किंवा अधिक दिवस ताप, आणि सोबत पाचपैकी चार खुणा. दोन्ही डोळ्यांची चिपडं न येता आलेली लाली. ओठ-जीभ-घशाचे बदल. अंगावर पुरळ. हातापायांची लाली आणि सूज, जिथे नंतर बोटांच्या टोकांची कातडी सोलते. आणि मानेत किमान १.५ सेंटिमीटरची गाठ, बहुतेकदा एकाच बाजूला. चार खुणा ठळक असतील तर चौथ्या दिवशीही निदान करता येतं. या मुलात पाचही होत्या. फक्त त्या एका दिवशी, एका डॉक्टरसमोर, कधीच एकत्र नव्हत्या. डोळे तिसऱ्या दिवशी आले आणि सातव्याला गेले, पुरळ चौथ्याला आलं आणि पाचव्याला मावळलं, पावलं सहाव्याला सुजली. निकषांत मात्र आधी दिसून गेलेली खूणही धरली जाते. ‘आज काय दिसतंय’ एवढ्यावर थांबणाऱ्या तपासणीत हा आजार निसटतो, आणि माझ्या मते आपल्याकडे तो निसटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. गर्दीच्या ओपीडीत दिवसवार विचारायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं सर्वांत आधी कापली जातात.

पाच खुणांपैकी मानेची गाठ ही सर्वांत कमी मुलांत दिसणारी खूण. पण जिथे ती आधी येते आणि मोठी असते, तिथे बाकीच्या चार खुणांवर तिची सावली पडते. सगळ्यांची नजर गाठीवर खिळते.

तान्ह्या बाळांची गोष्ट आणखी अवघड. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात दोन-तीनच खुणा असू शकतात, कधी नुसताच ताप, आणि हृदयाला धोका मात्र त्यांनाच जास्त. म्हणून कारण न सापडणारा ताप सात दिवस टिकलेल्या बाळाची या आजारासाठी तपासणी करावी असं सांगितलं जातं. आपल्याकडे अशा बाळांमध्ये एक उपयोगी जागा आहे : डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण. कावासाकीत तो अचानक लाल होऊन फुगतो. जपानमध्येही बीसीजी सर्वांना दिली जात असल्यानं तिथल्या डॉक्टरांनी ही खूण फार पूर्वीपासून टिपलेली आहे.

टोकियोतल्या पहिल्या मुलापासून

जानेवारी १९६१ मध्ये टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी सव्वाचार वर्षांचा एक मुलगा पाहिला. ताप, डोळे, ओठ, पुरळ, हातपाय, मानेच्या गाठी, कशाशीच न जुळणारं चित्र. मुलगा बरा होऊन घरी गेला, निदान कोरंच राहिलं. पुढच्या वर्षी तसंच दुसरं मूल आलं, मग आणखी. कावासाकी खुणा टिपत राहिले आणि १९६७ मध्ये ५० मुलांचा तपशील त्यांनी जपानी भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यांनी आजाराला दिलेल्या लांबलचक नावात लसिका ग्रंथींचा उल्लेख होता. सुरुवातीला हा आपोआप बरा होणारा, निरुपद्रवी आजार वाटत होता. १९७० च्या देशव्यापी पाहणीत मात्र मृत्यूंच्या नोंदी पुढे आल्या. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या फुगलेल्या आणि गुठळ्यांनी बंद झालेल्या सापडल्या. इंग्रजीत हे काम १९७४ मध्ये पोहोचलं. डॉ. कावासाकी २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. आजाराचं मूळ कारण तोवर सापडलं नव्हतं आणि आजही सापडलेलं नाही.

जपानमध्ये पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला ३०० हून अधिक मुलांना हा आजार होतो, म्हणून तिथे सामान्य पालकांनाही नाव ठाऊक असतं. भारतात चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या बालरोगतज्ज्ञांनी गेली काही दशकं या मुलांचा चिकाटीनं पाठपुरावा केला आहे. आपल्याकडे हा आजार आहे हे त्यातून निर्विवाद सिद्ध झालं. २०२० मध्ये कोविडनंतर मुलांत दिसलेल्या दाहाच्या आजारानं, ज्याला डॉक्टर मिस-सी म्हणतात, कावासाकीचं नाव काही महिने वर्तमानपत्रांत आणलं. दोन्हींच्या खुणा मिळत्याजुळत्या असल्या तरी ते वेगळे आजार आहेत. मिस-सीत मुलं सहसा मोठी असतात, पोटदुखी-जुलाब जास्त, रक्तदाब खालावतो, प्लेटलेट बहुधा कमी असतात.

उपचार

सातव्या दिवसाच्या तपासण्या : ईएसआर हा दाहाचाच दुसरा मापक ९२, प्लेटलेट ५ लाख ६० हजार, अल्ब्युमिन २.८, यकृताचं एन्झाइम थोडं वाढलेलं. हृदयाच्या इकोत डाव्या रोहिणीची पुढची शाखा किंचित रुंद, झेड स्कोअर २.३. मुलाच्या आकारमानाच्या हिशेबात रोहिणी किती रुंद हे या अंकावरून समजतं. दोनच्या खाली ठीक, अडीचपासून वर फुगा धरतात, दहा किंवा त्याहून जास्त म्हणजे महाकाय फुगा. इको करणाऱ्यांनी घरच्यांना एक गोष्ट नीट समजावली : पहिला इको अगदी नॉर्मल आला असता तरी निदान आणि उपचार तेच राहिले असते. फुगे बहुतेकदा पहिल्या आठवड्यानंतर दिसू लागतात, आणि ते दिसेपर्यंत थांबणं म्हणजे वेळ घालवणं.

उपचार न झालेल्या साधारण चारपैकी एका मुलाच्या हृदयाच्या रोहिण्यांना फुगे येतात. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, मिळालं तर हे प्रमाण शंभरात चारच्या आसपास येतं. वैद्यकात एका औषधानं इतका फरक पडण्याची उदाहरणं थोडी. मात्रा किलोमागे २ ग्रॅम, एकदाच, १० ते १२ तासांत शिरेतून. १३ किलोच्या मुलाला २६ ग्रॅम.

आणि इथे पैशांची गोष्ट येते. हे औषध हजारो लोकांच्या रक्तद्रवातून तयार होतं, म्हणून महाग. एवढ्या मात्रेला औषधाचाच खर्च सहज ५० हजारांच्या वर जातो. मुलाच्या आजोबांनी विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, अर्ध्या डोसात नाही का भागणार?’ नाही भागत. पूर्ण मात्रेचा एकच डोस हाच सर्वांत परिणामकारक ठरलेला आहे, अर्ध्या डोसात पैसेही जातात आणि संरक्षणही पुरतं मिळत नाही. अशा वेळी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणाऱ्याला, आणि समाजसेवा विभागाला त्याच दिवशी गाठावं, शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवावं. दहा दिवसांची मुदत कागदपत्रांसाठी थांबत नाही.

आठव्या दिवशी सकाळी औषध सुरू झालं. पहिला तास अगदी हळू, दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ताप. सोबत ॲस्पिरिन, सुरुवातीला दाह कमी करण्याच्या मात्रेत. औषध रात्री संपलं. पहाटे ताप १०१ झाला आणि आईचा धीर सुटला. पण औषध संपल्यावर ३६ तास उलटल्यानंतरही ताप राहिला किंवा पुन्हा आला, तरच पहिला डोस कमी पडला असं धरतात. शंभरात दहा ते वीस मुलांत असं होतं आणि मग दुसरा डोस, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब या दाह थोपवणाऱ्या औषधाचा विचार होतो. निदान झाल्यावर, डोळसपणे दिलेलं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट, वर सांगितलेली सुई वेगळी. या मुलाचा ताप दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला तो उतरलाच. सर्वांत आधी गेली ती चिडचिड. दहाव्या दिवशी त्यानं स्वतःहून वरण-भात मागितला. मानेतली गाठ तीन दिवसांत निम्मी झाली, तिला कुणी हात न लावता.

घरी सोडताना ॲस्पिरिन किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅमवर आणलं, रोज एकदा. आता काम फक्त गुठळ्या टाळण्याचं. प्लेटलेट ८ लाख २० हजारांवर गेल्या होत्या, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे अपेक्षितच असतं. बाराव्या दिवसापासून बोटांची टोकं नखांजवळून सोलू लागली. घरचे घाबरून परत आले, त्यांना तेल लावायला सांगून पाठवलं. पुढच्या तपासणीत ईएसआर पाहिला नाही, कारण इम्युनोग्लोब्युलिननंच तो चढतो. सीआरपी पाहिला, तो उतरला होता.

घरच्यांना दिलेल्या सूचनांत काही खास या आजाराच्या होत्या. ॲस्पिरिन चालू असताना तापाला आयबुप्रोफेन द्यायचं नाही, ते ॲस्पिरिनचा परिणाम मारतं. पॅरासिटामॉल चालेल. घरात किंवा बालवाडीत कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर लगेच कळवायचं, कारण या संसर्गांत ॲस्पिरिन घेणाऱ्या मुलांना राय सिंड्रोम हा यकृत-मेंदूचा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो. फ्लूची निष्क्रिय लस द्यायची. एमएमआर आणि कांजिण्यांची लस मात्र ११ महिने पुढे ढकलायची, कारण बाहेरून मिळालेली प्रतिपिंडं त्या जिवंत लसींना निकामी करतात. ही तारीख लसीकरणाच्या कार्डावरच लिहून दिली. गावातल्या आरोग्यसेविकेपर्यंत ती पोहोचण्याचा तोच खात्रीचा मार्ग.

धाकटी बहीण दीड वर्षाची. तिला लागेल का, हा आईचा पहिला प्रश्न होता. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. पुन्हा होऊ शकतो का? क्वचित. म्हणून पुढे कधी पाच दिवसांचा ताप आला तर आधीचा कागद घेऊन यायचं. पथ्य काय? काहीच नाही.

इको दोन आठवड्यांनी झाला, झेड स्कोअर १.७. सहा आठवड्यांनी १.२, बाकीच्या रोहिण्याही नॉर्मल. त्या दिवशी ॲस्पिरिन बंद झालं. रोहिणी अडीचच्या वर कधीच गेली नसल्यानं खेळण्या-पळण्यावर कोणतंही बंधन घातलं नाही. रोहिणीत फुगा राहिलेल्या मुलांचं तसं नसतं. त्यांना वर्षानुवर्षं औषधं, ठरावीक अंतरानं इको आणि मोठेपणीही हृदयतज्ज्ञांकडे जाणं चुकत नाही. डिस्चार्ज कार्ड, तिन्ही इकोंचे रिपोर्ट आणि इम्युनोग्लोब्युलिन दिल्याची तारीख लॅमिनेट करून ठेवायला सांगितली आहे, आणि एक वर्षानं रक्तदाब व हृदयाची तपासणी ठरली आहे.